पाव इंच माया

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी ३२ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. मिलिमीटरभर चूक निघाली तरी पोरांना अख्खं ड्रॉइंग पुन्हा काढायला लावणारा माणूस. त्यामुळे निवृत्तीनंतर नातवासाठी गोधडी शिवायची ठरवली, तेव्हा त्यात अवघड काय असणार, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. चौकोन कापायचे, चौकोन जोडायचे. ही म्हणाली, "शर्टाचं बटण तुटलं तर मला हाक मारता." मी लक्ष दिलं नाही. बटण गोल असतं.

नातू चार वर्षांचा. ऐरोलीला असतो, पण उंचीची खूण आमच्या नौपाड्यातल्या दाराच्या चौकटीवर आहे आणि ती मीच केलेली आहे: ४० इंच. म्हणून गोधडी चार फूट बाय तीन फूट. तीन इंची चौकोन, आडव्या बारा ओळी, एका ओळीत सोळा, एकूण १९२. रीतसर आराखडा काढला. कोपऱ्यातल्या चौकटीत "गोधडी, रेव्हिजन ०" असं लिहिलं. तो आकडा शून्यावर राहणार, याबद्दल मला शंका नव्हती.

सुया-दोरा आणायला जांभळी नाक्यावर गेलो. दुकानदाराने विचारलं, "सुई कितवा नंबर?" मी म्हटलं, मोठा द्या. त्याने केसासारखी सुई काढली. हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते म्हणे. "वहिनींना फोन लावून विचारा ना काका," तो अगदी समजुतीने म्हणाला. मागे चार बायका उभ्या होत्या. मी खरंच फोन लावला.

कापड मात्र न मागता आलं. बातमी पसरताच घरोघरच्या साड्यांची गाठोडी आली. आमच्या आत्याने (वय ८४, माहेर जुन्नरकडचं, चष्मा फक्त टीव्हीपुरता) ती दोन बोटांच्या चिमटीत धरून निवडली. "ही सरकंल. हिचा जर टोचंल पोराला. हिचा रंग जाईल, आधी मिठाच्या पाण्यात भिजव." शेवटी तिने स्वतःचंच एक सुती नऊवारी पुढे केलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. मी त्यावर पट्टी-पेन्सिलने रेघा मारत बसलो. अर्धा तास तिने बघितलं. मग काठाला कात्रीचा बोटभर काप दिला आणि लुगडं दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. रेघ इतकी सरळ, की माझा टी-स्क्वेअर लाजावा. सुती कापड धाग्याच्या सरळीतच फाटतं, हे तिला आराखडा न काढता माहीत होतं.

जोडकाम हिच्या मशीनवर केलं. प्रत्येक शिवण कडेपासून बरोब्बर पाव इंच आत. तीन आठवड्यांनी वरचा थर तयार झाला. टेप लावला. साडेचाळीस बाय साडेतीस! साडेसात इंच एकीकडून गायब, साडेपाच इंच दुसरीकडून. चौकोन मोजले, १९२ भरले. टेप बदलला. शेवटी आत्याला विचारलं.

"माया सोडली होतीस का?"

मला भरूनच आलं. "आत्या, माया आहे म्हणून तर शिवतोय ना!"

"अरे बाबा, कापडात! शिवणीत जाणारी माया!"

तीन इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेतीनचा कापायचा असतो. चारी बाजूंना पाव-पाव इंच माया. हे शिवणकामातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, असं ही म्हणाली. मी ड्राफ्ट्समन असल्याचा उल्लेख तिने टाळला, तेवढे उपकार.

आता उसवणार कोण? तसाच पुढे गेलो. खाली अस्तर, मध्ये जुन्या साडीची घडी, वर माझे चौकोन, आणि वरून धावदोरा. यूट्यूबवरची मुलगी सांगत होती की मधून सुरुवात करून बाहेर जायचं, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. आत्या म्हणाली, आमच्याकडं कडेनं आत जातात. मी कोणालाच दुखवायचं नाही म्हणून दोन्हीकडून निघालो. दोन्ही टाके जिथे भेटले तिथे बटाटेवड्याएवढं टेंगूळ आलं. "उशीचा खर्च वाचला," आत्या म्हणाली. इंचाइंचावर ओळी धरल्या तर हा शंभर फुटांचा धावदोरा होतो. नाव धावदोरा, माझा मात्र लंगडत होता. एकदा बोटातलं रक्त कापडावर पडलं, तर आत्या म्हणे, स्वतःची थुंकी लाव. डाग खरंच गेला. गोधडी मी नंतर तीनदा धुतली, हे ऐरोलीला सांगितलेलं नाही.

शेवटचा टाका घालायच्या आधी आत्याने मला थांबवलं. गोधडी उपाशी ठेवू नये, आत पोळीचा तुकडा घालतात. "मुंग्या लागतील," ही म्हणाली. मी वाटाण्याएवढा तुकडा घालून टाका मारला.

ठाणे-वाशी लोकलने गोधडी नेली. लेक म्हणाली, "बाबा, किती सुंदर!" जावई म्हणाले, "रंगसंगती वेगळीच आहे." नातू आडवा झाला, गोधडी आडवीच हनुवटीपर्यंत ओढली आणि स्वतःच्या उघड्या पायांकडे बघत राहिला. "आजोबा, हिला मोठी कधी करणार?"

दुसरी गोधडी विहीणबाईंसाठी शिवायला घेतली, तेव्हा धडा घेऊन चांगली इंचभर माया सोडली. शिवणी इतक्या जाड झाल्या की सुई वाकली. आता दाभण घेऊन बसलोय. "एवढी माया लावतात होय व्याह्यांना?" आत्याने विचारलं.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, गोधडीला मुंग्या कशा काय लागल्या?"

ही माझ्याकडे बघत होती. मी फोन आत्याच्या कानाला लावला.

"लागू दे गं," आत्या म्हणाली, "जेवण आवडलं त्यांना."