साकीनाक्याच्या काकांना: तुमचं लॉक आणि क्षयाची गोळी

काका,

तुम्ही नाव दिलं नाहीत, पण ‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते.

बेडाक्विलिन या क्षयाच्या गोळीच्या पेटंटवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी: “दुसऱ्याच्या घामावर स्वस्त औषधं मागणं सोपं आहे. टेम्पोच्या फाळक्याला लागणारं लॉक मी दीड वर्ष खपून बनवलं. सहा महिन्यांत कॉपी आली, डायचा खर्चही निघाला नव्हता. पेटंटला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतःचे पैसे घालून काहीतरी बनवून बघावं.”

नकली मालावर तुमच्या डायमधली बारीक रेघसुद्धा जशीच्या तशी उमटली होती, हे वाचून पोटात तुटलं. म्हणजे त्याने डोकं चालवलंच नाही, तुमचा पीस समोर ठेवून साचा काढला. तुम्ही फुकट घालवलेले डाय, बिघडलेले जॉब, कारागिराचा पगार यातलं काहीच त्याच्या किमतीत नाही. म्हणून तो स्वस्त विकतो आणि मार तुम्ही खाता. शोधायला खर्च फार, नकलेला कमी, इथूनच पेटंटचं सगळं अर्थशास्त्र सुरू होतं. ‘पेटंट म्हणजे आजारी माणसावरचा कर’ असं मी सरसकट लिहिलं होतं, ते चुकलं. ते वाक्य काढलं आहे.

पण तुम्हीच पुढे लिहिलंत, की जुन्या लॉकची स्प्रिंग खडखडायची, ती काढून तुम्ही वजनाने पडणारी खिटी बसवली. आता समजा, जुन्या लॉकवाल्याकडे ‘फाळक्याचं आपोआप बसणारं कुठलंही लॉक’ असं ऐसपैस पेटंट असतं, तर? तुमची खिटी कितीही चांगली असली तरी गाळ्याबाहेर पडली नसती. जवळजवळ प्रत्येक नवी वस्तू आधीच्या कुणाच्या तरी वस्तूवर उभी असते. म्हणून पेटंट हवं की नको, या वादात मला शिरायचं नाही. कशावर द्यायचं आणि किती वर्षं, हे मात्र मी विचारत राहणार.

आता औषध. २०१४ साली माझ्या आतेबहिणीला औषधांना दाद न देणारा क्षय झाला. महिनोन्‌महिने रोज इंजेक्शन. एका सकाळी वरण करपल्याचा वास आला म्हणून मी स्वयंपाकघरात धावले. ती ओट्याशीच उभी होती. कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता आणि ती पहिल्या शिट्टीची वाट बघत होती. त्या गटातल्या इंजेक्शनांनी कान जातात, हे डॉक्टरांना माहीत असतं. तेव्हा दुसरा इलाज हाताशी नव्हता.

बेडाक्विलिन ही गोळी आहे. अमेरिकेत तिला डिसेंबर २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. क्षयावर वेगळ्याच पद्धतीने काम करणारं नवं औषध चाळीसेक वर्षांनी आलं होतं. असं औषध शोधणाऱ्याला पैसे मिळू नयेत, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तिच्या चाचण्यांत सार्वजनिक पैसाही मोठा होता, तरीही मूळ रेणूवरचं २० वर्षांचं पेटंट मला मान्य आहे. ते १८ जुलै २०२३ ला संपलं.

माझा लेख दुसऱ्या अर्जाबद्दल होता. ही गोळी काढणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या जरा वेगळ्या रूपावर, वेगळं पेटंट मागितलं होतं. मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. म्हणजे लॉक तेच, फक्त झिंक प्लेटिंग करून आणलं आणि आणखी चार वर्षं कुणी बनवायचं नाही. आपल्या कायद्यातलं कलम ३(घ) सांगतं, की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप आणलंत तर त्याने गुण लक्षणीय वाढतो हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघी क्षयातून उठलेल्या, दोघींची श्रवणशक्ती उपचारांत गेलेली. त्यांनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. त्यात कुणाचा घाम चोरला गेला, काका?

पेटंट नसलं की संशोधन थांबतं, असंही तुम्ही म्हणता. १९७० च्या कायद्याने आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं, तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवण्यात आपले केमिस्ट त्या काळात तरबेज झाले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या वर होता. पण ते तिन्ही रेणू शोधले गेले परदेशात. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मी मान्य करते. जानेवारी २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, ३(घ) चं सध्याचं कडक रूपही त्याच वर्षीच्या दुरुस्तीतलं.

राहिलं तुमचं नवं लॉक, ज्याचे सॅम्पल पुढच्या महिन्यात डीलरना देणार म्हणालात. देऊ नका. नुसतं दिसणं राखायचं तर डिझाइनची नोंदणी, खिटी चालते कशी ते राखायचं तर पेटंट, आणि दोन्हींचा अर्ज माल बाहेर दाखवण्याच्या आधी जायला हवा. मागच्या वेळी तुम्ही आधी विकलंत, तिथेच हक्क गेला. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून ठेवलात, की पूर्ण कागद द्यायला १२ महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. पेटंट एजंटची फी वेगळी, ती जास्त असते, आणि पुढे कुणी नक्कल केलीच तर कोर्टात तुम्हालाच जावं लागतं, तो खर्च आतापासून धरा. हे सगळं जुळलं नाही तरी निदान खिटीचं ड्रॉइंग आणि ती कशी पडते याचं चार ओळींचं वर्णन लिहून ठेवा; ते मला पाठवू नका, एजंटलाच दाखवा, आणि अर्ज गेला की मगच मला कळवा.