फक्त दोन पायऱ्या

मला पोहता येतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही. आठव्या वर्षी, वाईजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून आजोबांनी मला ढकललं होतं. तिसऱ्या दिवशी डबा सुटला. चौथ्या दिवशी मी थारोळ्यावरून उडी मारली आणि आजीच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून पाण्याची भीती म्हणून कशी ती नाही.

आमच्या ह्यांना पोहता येत नाही. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, पण पाणी कायम भिंतीच्या त्या बाजूला आणि हे ह्या बाजूला. पाण्याबद्दल मात्र हे कितीही वेळ बोलू शकतात.

लेक-जावई कॅलिफोर्नियात असतात. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही गेलो, तर दोघांनी हवाईचा बेत आधीच ठरवून ठेवलेला. सगळ्यात मोठं बेट, त्याचा पश्चिम किनारा, होनाउनाउ नावाचा छोटासा उपसागर आणि तिथे स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी आणि पाण्यात तोंड घालून मासे बघणं. मालवणला मी हा प्रकार पाहिला होता. होडीतून नेतात, हाताला धरून पाण्यात सोडतात, वर रिंगला धरून फिरवून आणतात. मी विचारलं, "होडी कितीला?"

"होडी नाही गं आई. किनाऱ्यावरूनच उतरायचं. टू स्टेप म्हणतात त्या जागेला. फक्त दोन पायऱ्या."

मी वाईची. दोन पायऱ्या म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घाट आला. गणपतीसमोर कृष्णा, दगडी पायऱ्या, साडीचा ओचा सावरत उतरणाऱ्या बायका. अशा घाटाला दोनच पायऱ्या असतील तर त्यात घाबरायचं काय?

प्रत्यक्षात तिथे घाट नव्हता, वाळू नव्हती आणि पायरी म्हणावी असंही काही नव्हतं. काळ्याभोर कातळाचा पट्टा समुद्रात घुसलेला, त्याच्या कडेला निसर्गाने पाडलेले दोन टप्पे. पहिला ओला. दुसरा घटकेत पाण्यावर, घटकेत पाण्याखाली. त्याच्यापुढे एकदम दीड-दोन पुरुष पाणी.

कातळ बघून मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. बेसॉल्ट. आपला सह्याद्रीही ह्याचाच. पण आपल्याकडचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पावसाने झोडपून झोडपून संसाराला लागलेला. इथला परवापरवाचा, अंगात रग असलेला. हवाईच्या भाषेत लाव्ह्याचे दोन प्रकार: गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला तो पाहोएहोए आणि खडबडीत, धारेचा तो आआ. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ हेच शब्द वापरतात, आपल्या दख्खनच्या दगडालासुद्धा. ही माहिती मला ह्यांनी पार्किंगपासून कातळापर्यंतच्या वाटेत दिली. हा पट्टा पाहोएहोएचा, म्हणजे गुळगुळीत, असंही सांगितलं. चप्पल काढून मी चार पावलं टाकली आणि माझ्या तोंडून निघालं ते 'आई गं' होतं. लाव्ह्याच्या तिसऱ्या प्रकाराला हे नाव द्यायला माझी हरकत नाही.

मग नटण्याचा कार्यक्रम. हवाईत २०२१ पासून, प्रवाळाला अपाय करणारी दोन रसायनं असलेलं सनस्क्रीन विकायला बंदी आहे. आम्ही घेतलं ते जस्ताचं, आणि ते काही केल्या कातडीत मुरत नाही. फुकट गेलेलं काही ह्यांना बघवत नाही, त्यामुळे ह्यांनी अर्धी ट्यूब चोपडली. वर नारिंगी फुगवायचं जॅकेट. कुंभमेळ्यातला एखादा महंत वाट चुकून इकडे आला असावा असं दिसत होतं.

भाड्याच्या दुकानात मी माझ्या चष्म्याच्या नंबरचा मास्क मागून घेतला होता. ह्यांनी नको म्हटलं. "मासे काय वाचायचे आहेत का?"

मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून करायचा उपाय जावईबापूंनी दाखवला: आत थुंकायचं, बोटाने चोळायचं, समुद्राच्या पाण्यात विसळायचं आणि तोंडावर लावायचं. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात उष्ट्या हाताचा थेंब जरी उडाला तरी अख्खा ओटा धुवावा लागे. मी वर आकाशाकडे बघून मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली आणि थुंकले.

सोवळ्याची आठवण तिथे निघावी ह्याला कारणही होतं. ह्या दोन पायऱ्यांना लागूनच पुउहोनुआ ओ होनाउनाउ हे जुन्या हवाईतलं अभयस्थान आहे. आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि सकाळी आम्ही आधी तिकडेच गेलो होतो. पूर्वी इथे कपू नावाचे कडक नियम होते. इंग्रजीतला 'टॅबू' हा शब्द ह्याच गोत्रातला. बड्या सरदाराच्या सावलीशी गडबड केली, देहदंड. बाई पुरुषाबरोबर जेवायला बसली, देहदंड. बाईने डुकराचं मांस किंवा केळं खाल्लं, देहदंड. सुटायचा मार्ग एकच. मागे लागलेल्यांच्या आधी, कित्येकदा पोहत, हे अभयस्थान गाठायचं. एकदा आत पाय पडला की पुजारी विधी करून दोष काढून टाकायचा आणि माणूस आपल्या घरी जायचा. शेवटी १८१९ साली राजा दुसरा कामेहामेहा सरळ बायकांच्या पंक्तीत जाऊन जेवला आणि हे सगळं मोडीत निघालं. अभयस्थानाची भिंत अजून उभी आहे. जवळपास हजार फूट लांब, बारा फूट उंच, नुसता दगडावर दगड, चुन्याचं बोटसुद्धा नाही. हे तिच्यापुढे पाऊण तास उभे होते. लग्नात अंतरपाट धरलेला असताना इतके एकाग्र नव्हते.

मी आपला हिशेब केला. सकाळी गाडीत मी केळं खाल्लं होतं. तेही ह्यांच्या मांडीला मांडी लावून, ह्यांच्याचबरोबर. दोन गुन्हे झाले. म्हणजे पोहणं आलंच.

सूचना सोप्या होत्या. दुसऱ्या पायरीवर बसायचं, तिथेच पायात फिन्स, म्हणजे बदकासारखे रबरी पंजे, चढवायचे, लाट वर आली की तिच्याबरोबर अलगद घसरायचं. समुद्राकडे पाठ करायची नाही. भेगांमध्ये हात घालायचा नाही, कारण तिथे साळिंदराच्या पिल्लांसारखे काळे, काटेरी गोळे दबा धरून असतात. हे समुद्रातले जीवच, इंग्रजीत सी अर्चिन; इथे त्यांना वाना म्हणतात. काटा टोचतो, मोडतो आणि आतच मुक्काम करतो.

मी पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीकडे बघत उभी राहिले. विहिरीची पायरी आणि विहिरीचं पाणी ह्यांचं आपसात ठरलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी चार पायऱ्या खाली जाईल, पावसाळ्यात वर येईल, पण आपण पाय टाकेपर्यंत तरी दोघं जागेवर थांबतात. इथे मी पायरीवर बसायला वाकले की पायरी नाहीशी. सरळ झाले की पुन्हा हजर, गळणारी, चकाकणारी, जणू काही झालंच नाही. मी मोठी लाट जाऊ द्यायची म्हणून थांबले. मग छोटीही जाऊ दिली. मग मधल्या आल्या. त्यांचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्यामागे रांग लागली. त्यात एक आठ-नऊ वर्षांची तिथलीच मुलगी होती, एका हातात मास्क, दुसऱ्या हाताने नाक पुसत. "आंटी, आता!" ती म्हणाली. हवाईत वडीलधाऱ्या बाईला ओळख असो-नसो आंटीच म्हणतात, आपल्या मावशीसारखं, त्यामुळे राग यायचं कारण नव्हतं. पण तिचं 'आता' माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचेपर्यंत लाट परत गेलेली असे. "आंटी, आता!" पुन्हा गेली. चौथ्या 'आता'ला तिने सुस्कारा सोडला, माझ्या काखेखालून सटकली आणि बेडकासारखी टुणकन पाण्यात गेली.

तेवढ्यात हे म्हणाले, "सरक जरा, लाटेचं गणित मी तुला समजावून सांगतो," आणि एक पाऊल पुढे आले. पाऊल शेवाळावर पडलं. पुढचं सगळं इतक्या झटपट झालं, की मला क्रमाने सांगता येणार नाही. हे दुसऱ्या पायरीवर बसले, म्हणजे त्यांना बसवलं गेलं. लाट आली, हे घसरले, आणि कुठेही न खरचटता, पायात फिन्स, तोंडात नळी, असे महंत महाराज समुद्रात तरंगू लागले. कातळावरच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी अंगठा वर केला. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याच्या बाजूला गेलेला माणूस!

ते बघून मी डोळे मिटून स्वतःला सोडून दिलं. चिडणं हा भीतीवर चांगला उतारा आहे.

आणि मग खाली बघितलं.

ह्याबद्दल फार लिहिणार नाही, कारण लोक खोटं समजतात. देवघरात झेंडूच्या पाकळ्या उधळाव्यात तसे पिवळेधमक मासे, शेकड्यांनी, एकाच वेळी एकाच दिशेला वळणारे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, पाठीवर लांब तुरा असलेले. हवाईच्या राज्यमाशाचं दर्शनही झालं. हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ हे त्याचं नाव, आणि डुकरासारखं तोंड असलेला मासा असा काहीसा त्याचा अर्थ. १९८५ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी राज्यमासा केलं आणि २००६ मध्ये कायम केलं. मधली वर्षं बिचारा मुदत संपलेला तात्पुरता कर्मचारी होता. सरकारी नोकरी कुठलीही असो, कायम व्हायला वेळ लागतोच.

सगळ्यात नवल आवाजाचं. पाण्याखाली कुणीतरी सारखं चकल्या खात होतं. कुडुम, कुडुम. तो पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी प्रवाळ आणि दगड खरवडतो, शेवाळ पोटात ठेवतो आणि उरलेला चुरा मागच्या दाराने सोडतो. इथल्या किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूचा बराचसा भाग म्हणजे हाच ऐवज. आदल्या दिवशी ह्याच बेटावरच्या एका पांढऱ्या वाळूत आम्ही लोळत असताना लेकीने आमचा फोटो काढला होता. तो सगळ्या नातेवाइकांना पाठवूनही झाला होता.

आणि शांतता. नळी तोंडात म्हणजे बोलणं बंद. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. हे जागे आहेत, शेजारी आहेत आणि सलग अर्धा तास कुणीही मला काही समजावून सांगत नाहीये, हा योग ह्यापूर्वी आला नव्हता. मी मजेत बेडकासारखे पाय मारत फिरले. तळाशी सिमेंटच्या ठोकळ्यांनी 'अलोहा' लिहिलंय, तेही पाहिलं. ह्यांना आवडेल असं काँक्रीट एवढंच, आणि ते पाण्याखाली.

हे होते कुठे? थोड्या अंतरावर, पालथे, हात पसरून, जागच्या जागी. कासवाच्या दहा फुटांच्या आत जायचं नाही असं लेकीने बजावलं होतं. हे बरोबर दहा फूट अंतर राखून, अत्यंत आदराने, खाली टक लावून बघत होते. मी जवळ गेले. माझ्या मास्कला नंबर होता. तो दगड होता. चांगला गोल, हिरवट, कासवाएवढा दगड. ह्यांनी बोट दाखवलं, मी मान डोलावली. तोंडात नळी असल्याचा हा आणखी एक फायदा.

बाहेर यायची वेळ झाली तेव्हा कळलं, की आत जाणं ही सोपी बाजू होती. मास्कमधून पाण्यातली वस्तू आहे त्याहून तिसऱ्या हिश्श्याने मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. पायरी मला हाताशी दिसली. मी धरायला गेले, हातात पाणी. पुन्हा धरलं, पाणी. तिसऱ्यांदा ती खरंच हाताशी आली, नेमक्या त्याच वेळी लाट मागे फिरली आणि मला सोबत घेऊन गेली. पुढच्या लाटेने आणून पायरीवर ठेवलं, माझे पाय सापडायच्या आत पुन्हा उचललं. भाजीवाल्याने न पटलेला दुधी परत टोपलीत टाकावा तसं. नंतरच्या लाटेला मी गुडघे टेकून कातळाला मिठी मारली. गुडघा सोलवटला. 'आई गं' जातीच्या लाव्ह्याने आपलं काम केलं.

"आंटी, बसून!" ती मुलगी वरून ओरडली. "पोटावर नाही, बसून!"

पाठ समुद्राकडे करायची नाही म्हणतात, पण तोंड समुद्राकडे ठेवून मागे मागे बसायचं कसं, हे आठव्या वर्षी शिकवलेलं बरं. मी वळले, पाय गोळा केले आणि लाटेला म्हटलं, ने बाई कुठे नेतेस ते. तिने मला उचललं आणि पायरीवर बसवलं. मी बसूनच, एकेक वीत मागे सरकत, वरच्या पायरीवर आले. तिथून रांगत कोरड्यावर. मळ्यातल्या विहिरीच्या चौथ्या दिवसाची धिटाई कुठे वाहून गेली कोण जाणे.

मागोमाग हे. फुगलेलं जॅकेट, हातपाय सैल, चेहऱ्यावर समाधी. लाटेने ह्यांना आणून पायरीवर असं ठेवलं, जणू नैवेद्याचं पान. उठले, फिन्स काढले, चालत वर आले.

"पाण्याशी झगडायचं नसतं," हे म्हणाले. छत्तीस वर्षं पाणी अडवण्याचा पगार घेतलेला हा माणूस!

लेकीने माझा गुडघा धुतला, पट्टी लावली. हे तापल्या कातळावर टेकले, समोर बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "काय शांत जीव गं. अर्धा तास हलला नाही. माझ्याकडेच बघत होता."

"हो ना," मी म्हटलं.

"उद्या परत येऊ. ओळखेल तो मला."

मी पिशवी चाचपली. एक केळं उरलं होतं. त्या हजार फुटी भिंतीकडे तोंड करून मी ते सोललं, अर्धं ह्यांना दिलं आणि अर्धं तिथेच, ह्यांच्या शेजारी बसून खाल्लं.