व्याह्यांचं मुंबई दर्शन

पुतणीचं लग्न रविवारी दादरला निर्विघ्न पार पडलं. मी मसाला पान चघळत निवांत बसलो होतो, तेवढ्यात दादानं खांद्यावर हात ठेवला. "व्याही मंडळी उद्या रात्रीच्या महालक्ष्मीनं निघणार. दिवसभर त्यांना मुंबई दाखव. तुला सगळं ठाऊक आहे."

मला! पंचावन्न वर्षं मुंबईत काढूनही घारापुरीची लेणी मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिली आहेत. पण आपण पडलो मुलीकडचे. रात्री बसून यादी केली.

मंडळी चौदा, सगळी कोल्हापूरची. यादीत पहिलीच मिसळ लिहिताना हे आठवायला हवं होतं. शिवाजी पार्काजवळच्या हॉटेलात नवरदेवाच्या मामांनी एक घास घेतला, ताटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "झ्याक हाय. आता कट मागवा."

कट आधीच ओतलेला होता.

"हिकडं गोडाचं आधी वाढत असतील," मामींनी सावरून घेतलं. एकानं पाव बाजूला सारून ब्रेडच्या स्लाइस मागितल्या. अब्रू राखली ती पियुषनं. मामांनी तीन ग्लास रिचवले.

गेटवेसाठी मी पाठांतर करून गेलो होतो. "पंचम जॉर्ज 1911 साली आला, त्याच्या स्वागताची ही कमान. पुरी झाली 1924 साली."

"म्हंजे पाव्हणा जेवून गेला आन् तेरा वर्सांनी मांडव?" मामा म्हणाले. "मुलीकडचं कोण हुतं?"

मी घाईघाईनं लाँचच्या तिकिटांकडं वळलो. लेणी सोमवारी बंद असतात. वार कोणता, ते सांगायला नकोच. मग मी कमला नेहरू पार्कातल्या म्हाताऱ्या बुटाचं नाव काढलं, म्हणजे म्हातारीच्या बुटाचं, जीभसुद्धा वळेना. मामी म्हणाल्या, "पायताणं बघायला कोल्हापूरची माणसं मुंबईला कशाला येतील?"

संध्याकाळी सामान घेऊन दादर स्टेशनात भेटायचं ठरलं. "एक नंबरवर या," मी सांगितलं. 9 डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेचा एक नंबर आठ नंबर झालाय. एक नंबर उरला तो पश्चिमेचा. माझ्या जिभेला हे अजून कुणी कळवलेलं नाही. मी आठवर एकटा, चौदा जण बेपत्ता.

सापडले पुलावर. हातात वडापाव, नजर खालच्या फलाटावर. विरार लोकल शिरत होती. मामा कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानात बसल्यासारखे ओरडत होते, "पट काढला! आरं, त्यो निळा शर्ट गेला बाहीर... न्हाई न्हाई, घुसला! आस्मान दाखवलं पठ्ठ्यानं!" मामी टाळ्या वाजवत होत्या. "काका, बसा की. दर चार मिंटाला नवी जोड सुटतीया. आन् तिकीट काय, धा रुपयं?"

मी बॅगेवर बसलो. तिसऱ्या गाडीला चक्क मीच ओरडलो, "अरे, डावीकडून शीर!"

इतक्यात महालक्ष्मीची घोषणा झाली. कोणता फलाट म्हणाले ते गोंगाटात कळलं नाही. चौदा जणांनी माझ्याकडं पाहिलं. मी हमालाकडं.