माइल्ड बॉल फक्त कोरड्या लेनचा? हे कुणी ठरवलं?

‘माइल्ड बॉल नवशिक्यांचा. ऑइल दिसलं की तो बॅगेतच ठेवा. स्ट्राइक हव्यात तर जास्तीत जास्त हुक होणारा बॉल घ्या.’ टेनपिन बोलिंग खेळणाऱ्यांत हा सल्ला फार फिरतो. माइल्ड म्हणजे बेताने वळणारा बॉल, हुक म्हणजे बॉलचं वळण, स्ट्राइक म्हणजे पहिल्याच फेकीत दहाही पिना पाडणं, आणि ऑइल म्हणजे लेनवर लावलेलं तेल. नवा बॉल विकणाऱ्याच्या तो सोयीचाही आहे.

‘नवशिक्यांचा’ हे प्लास्टिकचा बॉल आणि माइल्ड रिअ‍ॅक्टिव्ह (लेनला पकडणाऱ्या रेझिनच्या कव्हरचा) एकाच माळेत ओवल्यामुळे होतं. प्लास्टिकचा जवळपास सरळ जातो, म्हणून कोपऱ्यातली 10 नंबरची पिन उचलायला बरा. माइल्ड रिअ‍ॅक्टिव्हचं कव्हर, म्हणजे बाहेरचं आवरण, कोरडा भाग लागला की पकडतंच. कोअर, म्हणजे आतला गाभा, सौम्य असल्याने वळतो बेताने, एवढंच.

‘जास्त हुक, जास्त स्ट्राइक’ हा खरा महागात पडणारा गैरसमज. पॉकेटमध्ये (उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी 1 आणि 3 नंबरच्या पिनांमधल्या फटीत) साधारण 6 अंशांच्या कोनात बॉल शिरला की काम होतं. हाउस शॉटला, म्हणजे सेंटरमध्ये नेहमी लावल्या जाणाऱ्या ऑइलच्या आखणीला, ऑइल 40 फुटांच्या आसपास असतं, मधे दाट, कडेला विरळ. दोन गेम होईस्तोवर सगळे ज्या वाटेने टाकतात, तिथलं ऑइल बॉलच शोषून नेतात. मग खरखरीत, जोरदार बॉल लवकर पकडतो. एक तर सर्वांत पुढच्या हेड पिनच्या नाकावर आदळून स्प्लिट (दूर दूर उभ्या उरलेल्या पिना) ठेवतो, नाहीतर 60 फुटांवरच्या पिना गाठेपर्यंत त्याचा दम संपलेला असतो. 10 नंबरची पिन उभी राहिली, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याने 6 नंबरच्या पिनकडे बघावं. ती 10 च्या मानेला वळसा घालून उडाली, तर नशीब आडवं आलं म्हणावं. मुकाट लेनच्या कडेच्या गटरमध्ये आडवी झाली, तर बॉलमध्ये जोरच नव्हता. अशा वेळी माइल्ड बॉल काढा. तो लेनच्या सुरुवातीच्या भागात निसटतो आणि ताकद पिनांसाठी राखतो.

‘ऑइलवर निकामी’ म्हणताना, किती फुटांचं ऑइल, ते कुणी सांगत नाही. पॅटर्नच्या (ऑइलच्या आखणीच्या) लांबीतून 31 वजा केले की बॉल साधारण कोणत्या बोर्डावर (लेनच्या कडेपासून मोजलेल्या उभ्या पट्टीवर) वळावा ते कळतं. 35 फुटांना उत्तर येतं 4, म्हणजे अगदी गटरच्या काठाशी. तिथे बाहेर टाकलेला जोरदार बॉल आवरत नाही, माइल्ड आवरतो. 48 फुटांच्या दाट ऑइलवर मात्र सल्ला खराच आहे: माइल्ड बॉल घसरत जातो, पॉकेटला हलका लागतो, 5 नंबरची पिन उभीच राहते. घासायच्या पॅडने 1000 ग्रिटपर्यंत (ग्रिट हे खरखरीतपणाचं माप) घासला तर फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. शिवाय यूएसबीसीच्या (अमेरिकेच्या बोलिंग संघटनेच्या) मान्यतेच्या स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर बॉल घासता येत नाही. ते आधीच उरकावं लागतं.

मॉलमधल्या हाउस शॉटवरच खेळायचं असेल आणि एकच बॉल परवडत असेल, तर मी माइल्डच घेईन. लांब पॅटर्नची स्पर्धा आली की दुसऱ्या बॉलचं बघू.