नगरपालिकेला अजून एक योजना नको, एक माणूस द्या

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हातात असलेल्या आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या नगरपालिकांना परत नगराध्यक्ष मिळाले, नगरसेवक मिळाले, सत्कार झाले, बॅनर लागले आणि फाटलेसुद्धा. प्रचारात सगळ्यांनी विकास विकास केलं, पण माझ्या हातात आलेल्या एकाही पत्रकात हे लिहिलेलं नव्हतं की शहराचं पुढच्या वीस वर्षांचं बघणार कोण. म्हणजे खरंच कोण, नाव काय त्याचं, बसतो कुठल्या टेबलाला.

माझं म्हणणं सरळ आहे. शहराचं नियोजन आणि इथल्या लोकांची कमाई या दोन्ही गोष्टी एकत्र बघणारा एक सीनियर माणूस नेमा, तो पाच वर्षं एका जागी राहिला पाहिजे आणि त्याला निवडताना आपल्याला, म्हणजे गावाला, विचारलं पाहिजे. आणि आधीच सांगतो, माझ्या स्वतःच्या पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहेच.

आता म्हणाल सीओ, म्हणजे मुख्याधिकारी, आहेत की. आहेत ना. एमपीएससीतून येतात, नेमणूक सरकार करतं, बदलीही सरकारच करतं, बदल्यांचा २००५ चा कायदा तीन वर्षं म्हणतो पण तीन वर्षं पूर्ण केलेले किती बघितलेत ते तुम्हीच आठवा. वर बाजूच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार. पाणी बंद पडलं की सीओ, कचरा गाडी आली नाही सीओ, मंत्री येणार सीओ, कोर्टाची तारीख सीओ. त्या माणसाने वीस वर्षांपुढचा विचार रात्री झोपेत करायचा का? आमच्या शेजारच्या काकी मागच्या एका साहेबांबद्दल म्हणाल्या, "तो इलो कधी नि गेलो कधी, आमका कळलाच नाय." साहेब वाईट नव्हते बरं का, हुशार होते.

आणि डीपी? म्हणजे विकास आराखडा. तो १९६६ च्या एमआरटीपी या नगररचनेच्या कायद्याने होतो, आपल्यासारख्या छोट्या नगरपालिकांचा तर बहुतेक नगररचना खात्याची माणसं करतात, वीस वर्षांसाठी. प्रारूप नकाशा लागला की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात आणि त्या तीस दिवसांत ऑफिसात जी गर्दी होते ती बघण्यासारखी असते. आजोबांचं मृत्युपत्र उघडल्यावर जसा प्रत्येकजण फक्त स्वतःचं नाव शोधतो तसा प्रत्येकजण आपला सर्व्हे नंबर शोधतो, रस्ता आपल्या माडाच्या बागेतून गेलाय का, गार्डनचं रिझर्व्हेशन (सार्वजनिक कामासाठी राखीव जागा) आपल्यावर पडलंय का, नसेल तर घरी. गाव कुठल्या बाजूला वाढणार, व्हाळ, म्हणजे ओढा, कुठून वाहणार, हे विचारणारा कुणी नसतो. मग नकाशा मंजूर होतो, रिझर्व्हेशनच्या जागा घ्यायला पैसे नसतात, दहा वर्षं गेली की मालक कलम १२७ ची नोटीस देतो, पालिका मुदतीत जागा घेत नाही, रिझर्व्हेशन उडतं आणि पोरांच्या मैदानावर तीन मजली अपार्टमेंट. सगळं कायदेशीर, कुणी चोरी केली नाही, फक्त मधल्या दहा वर्षांत त्या जागेच्या मागे लागायचं काम कुणाचंच नव्हतं.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तिच्यासोबत बारावी अनुसूची आली, त्यात पालिकांच्या १८ कामांची यादी आहे, आणि त्या यादीत पहिलं काम आहे नगर नियोजन. तिसरं आहे आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन. गटारं, दिवाबत्ती, स्मशानं सगळी त्याच्या खाली. आमच्याकडे यादी उलटी वाचतात.

पैसा नाही असंही म्हणू नका. सरकारी योजनांचा येतोच, जिल्हा नियोजनचा येतो, नगरोत्थानचा येतो, वैशिष्ट्यपूर्णचा येतो, मधे सिंधुरत्न योजना आली. मार्च एन्डला जो निधी खर्च करायची धावपळ होते ती आपण दरवर्षी बघतो. मग काय होतं? पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्वागत कमान, आणि आय लव्ह अमुकतमुकची लाल बदामवाली अक्षरं. कारण ह्या गोष्टींचं एस्टिमेट तयार असतं. सांडपाण्याचं एस्टिमेट करायला आधी कुणीतरी वर्षभर गावातल्या संडासाच्या टाक्या मोजाव्या लागतात.

हा विषय डोक्यात पक्का बसला तो आतेबहिणीमुळे. ती इंग्लंडात एका छोट्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेत, कामाला आहे, तिने त्यांच्याकडची एक जाहिरात पाठवली, नियोजन आणि विकासाचा डायरेक्टर पाहिजे अशी. बांधकाम परवानग्या, शहराचा आराखडा, घरबांधणी, बाजारपेठ, नवीन धंदे आणणं, सगळं एका माणसाखाली. जाहिरात कौन्सिलने स्वतः काढलेली. लंडनच्या मंत्रालयातून कुणी पाठवलेला नाही, तिथलेच लोक मुलाखत घेणार, त्यात निवडून आलेले नगरसेवकपण बसणार. आणि नगरसेवक बसले म्हणून मेव्हणा बसवता येत नाही, १९८९ चा कायदा आहे त्यांचा, नेमणूक गुणवत्तेवरच, आणि एवढ्या वरच्या पदावरच्या माणसाने पक्षाचं काम करायचं नाही. तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही, बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या कौन्सिलने २०२३ मध्ये पैसे संपले म्हणून हात वर केले होते. पण निदान चुकलं तर कुणाला विचारायचं हे माहीत असतं.

आपल्याकडे एका माणसाने काय होतं ते वेंगुर्ल्यात बघितलंय की आपण. २०११ च्या जनगणनेत साधारण १२ हजार वस्तीचं गाव, क वर्ग नगरपालिका, आणि रामदास कोकरे सीओ असताना कचऱ्याचं असं काम झालं की बाहेरून लोक डम्पिंग ग्राउंड बघायला यायला लागले. डम्पिंग ग्राउंड बघायला! पण असा अधिकारी मिळणं नशिबावर, आणि मिळाला तरी एक दिवस ऑर्डर येते आणि तो जातो. पुढे ते कल्याण-डोंबिवलीत गेले. चांगलंच आहे, तिथेही कचरा आहे. पण आपण परत पुढच्या नशिबाची वाट बघत बसायचं?

बरं नेमायचा तर कसला माणूस? डिग्री बघा, अनुभव बघा, ते सगळे बघतातच. मी मुलाखतीच्या टेबलावर असतो तर एकच प्रश्न विचारला असता आणि त्यावर अर्धा तास ऐकत बसलो असतो. चिपळूणचा. २६ जुलै २००५ ला बुडालं, २२ जुलै २०२१ ला त्याहून भयंकर बुडालं. त्यानंतर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा आल्या, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम जवळपास बंदच, निळी ते लाल मधे अटींवर. आणि त्या रेषांच्या आत कोण, तर भर बाजारपेठ. लोक चिडले, आधी वाशिष्ठी नदीतला गाळ काढा मग रेषा मारा म्हणून उपोषणाला बसले. आता समजा तुमच्यासमोर तिथला एक दुकानदार बसलाय, तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, दोन्ही पुरात माल गेलेला, त्याला वर एक मजला चढवायचाय. त्याला काय सांगाल?

जो म्हणेल नियमात बसत नाही, त्याला चहा पाजून घरी पाठवा. जो म्हणेल रेषा थोडी सरकवून घेऊ, त्याला चहासुद्धा नको. मला तो उमेदवार हवाय जो उलट प्रश्न विचारेल. दुकानाच्या मागची उंच जागा कुणाची आहे, गोडाऊन तिकडे नेता येईल का, तळमजला मोकळा सोडून दुकान वर घेतलं तर गिऱ्हाईक चढेल का, ह्या बाजारात किती जणांनी विमा उतरवलाय, कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं तर बाजाराला निरोप किती वेळात पोचतो, आणि गाळ काढलेला टाकतात कुठे. ह्या प्रश्नांत नियोजन पण आलं आणि धंदा पण आला, ते दोन वेगळे विषय नाहीतच मुळी. दुकानदाराला वाचवायचं म्हणजे नदीला जागा द्यायची आणि नदीला जागा द्यायची तर दुकानदाराला दुसरीकडे पोट भरता आलं पाहिजे.

आमच्या इकडे तेच, फक्त नदीच्या जागी समुद्र. मे महिन्यात आणि थर्टी फर्स्टला गाव दुप्पट-तिप्पट होतं, विहिरींना खारं पाणी लागतं, टँकर येतात, सेप्टिक टँक भरून वाहतात आणि ते सगळं जातं खाडीत, जिथे दुसऱ्या दिवशी पर्यटकांना बोटीतून फिरवतात. किती खोल्या झाल्या की गावाला झेपणार नाही? हा आकडा कुणाकडे नाही. माझ्यासारख्या खोल्यावाल्यालाही हा आकडा हवाय, कारण पाणी संपलं तर माझ्या खोल्यांना कोण विचारतो. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचं, तर बोलूच नका. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर असेल तर ५० मीटर मोकळे सोडायचे, खाली असेल तर २०० मीटर, शहरी भागाला आणखी वेगळे नियम. म्हणजे शेजारच्या दोन गावांना वेगळं. गाबतवाड्यातला, म्हणजे मच्छीमारांच्या वाडीतला, माणूस विचारतो, वादळात पडलेली भिंत उभी करू की नको, आणि त्याला उत्तर द्यायला तीन ऑफिसं फिरवतात. मोठ्या हॉटेलवाल्याचा आर्किटेक्ट मात्र सगळं पाठ करून येतो.

आणि हे नुसतं भिंतीपुरतं नाहीये. मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या १६३५ गावांसाठी सिडकोला, म्हणजे सरकारच्या शहरं वसवणाऱ्या कंपनीला, नियोजन प्राधिकरण नेमायची अधिसूचना निघाली. रेवस-रेड्डी सागरी महामार्गालगत १३ ग्रोथ सेंटर, १०५ गावं, ती एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे. त्यांच्याकडे प्लॅनर आहेत, कन्सल्टंट आहेत, सॅटेलाइटचे नकाशे आहेत. टेबलाच्या आपल्या बाजूला कोण? आपण हरकतीचा एकच फॉरमॅट व्हॉट्सअॅपवर फिरवतो, झेरॉक्स काढतो आणि सह्या करतो. मी पण केल्यात. विरोध करायचा असो की सौदा करायचा असो, समोरच्याच्या भाषेत बोलणारा आपल्या पगारावरचा माणूस लागतो.

पगारावरून आठवलं. आमचा एक आर्किटेक्ट मित्र म्हणतो कोण येणार रे इकडे, पोरांची शाळा, बायकोची नोकरी. खरं आहे. म्हणून म्हणतो एका नगरपालिकेने नाही, चौघींनी मिळून नेमा. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि कणकवलीची नगरपंचायत. समजा महिना दोन लाख दिले, वर्षाचे २४ लाख, चौघींत वाटले तर प्रत्येकी ६ लाख. एका कमानीला किती लागतात ते तुमच्या नगरसेवकाला विचारा. मुंबई-पुण्याच्या प्लॅनिंग ऑफिसांत पन्नाशीला आलेली आपली कितीतरी माणसं आहेत ज्यांना परत यायचंय. फक्त गणपतीला येऊन पाच दिवसांत गाव सुधारायला निघतो तसला नको, तसले आमच्या घरातच दोन आहेत.

दुसरी शंका जास्त खरी आहे, की हा नगराध्यक्षाचा माणूस होईल, नाहीतर लँड एजंटांचा. होऊ शकतो. म्हणून नेमतानाच अटी घाला. स्वतःची आणि घरच्यांची इथली जमीन जाहीर करायची, नोकरी असेपर्यंत जिल्ह्यात गुंठाभर घ्यायची नाही. मुलाखत झाल्यावर शेवटच्या तिघांनी नाट्यगृहात लोकांसमोर बोलायचं आणि लोकांचे प्रश्न घ्यायचे. काढायचं असेल तर दोन तृतीयांश नगरसेवकांनी कारण लिहून काढायचं, उगाच फोनवर नाही. आणि जुलै-ऑगस्ट इथेच राहायचं. पावसात व्हाळ कुठून फुटतो ते न बघितलेला माणूस इथलं नियोजन करूच शकत नाही.

पद निर्माण करायला वरून मंजुरी लागते हे मला माहितीय. पण स्वच्छ भारतमध्ये शहर समन्वयक कंत्राटावर घेतलेच ना? कचऱ्याला चालतं तर नियोजनाला का नाही.

आमच्या वॉर्डच्या नगरसेविका ताईंशी बोललोय, त्या म्हणाल्या ठरावाचा मसुदा द्या, सर्वसाधारण सभेत विषय घालते. मी लिहिलंय ते असं: "शेजारील नगरपरिषदांसोबत संयुक्तपणे नियोजन व आर्थिक विकास प्रमुख हे पद पाच वर्षांच्या कराराने भरण्यास आणि त्यासाठी नगरविकास विभागाची मंजुरी मागण्यास ही सभा मान्यता देते." पुढे अटी वरच्याच. ज्यांनी नगरपालिकेत किंवा नगररचना खात्यात नोकरी केलीय त्यांनी भाषा तपासून द्या, कुठल्या कलमाखाली घालायचं तेही सांगा. आणि सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या मित्रांनो, हाच कागद तुमच्या नगरसेवकांकडे पोचवा, एकट्या आमच्या नगरपालिकेचा ठराव वर कुणी वाचणार नाही.