माया ही, माया हू

गणपतीचा चौथा दिवस. सोसायटीची आरती ‘येई हो विठ्ठले’पर्यंत आली होती, टाळ टिपेला पोचले होते, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या तोंडून ‘येई’च्या आधी ‘नुमा नुमा’ निघालं. तेही एकदा नाही. ‘निढळावरी कर’ येईपर्यंत दोनदा. बायकोनं डोळे वटारले. तळमजल्यावरचे काका टाळ थांबवून माझ्याकडे बघत राहिले.

यात माझा दोष नाही, मोल्दोव्हाचा आहे. रोमेनिया आणि युक्रेनच्या मधे चिमटलेल्या त्या चिमुकल्या देशातल्या तीन पोरांच्या ओ-झोन नावाच्या बँडनं २००३ मध्ये रोमेनियन भाषेतलं एक गाणं आणलं, ‘द्रागोस्तेआ दिन तेई’. तिघांपैकी एकाचं नाव राडू. माझ्या डोक्यात पुढे जो राडा झाला, त्याची सूचना तिथेच मिळाली होती. गाणं जर्मनी-फ्रान्समध्ये आठवडेच्या आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलं. जपानात कोणीतरी त्यावर मांजरं नाचवली. आणि डिसेंबर २००४ मध्ये न्यू जर्सीतल्या गॅरी ब्रोल्स्मा नावाच्या गुबगुबीत पोरानं वेबकॅमसमोर, कानाला हेडफोन लावून, खुर्चीतून न उठता त्यावर नाच केला. यूट्यूब तेव्हा जन्माला यायचं होतं, तरी ते पोरगं जगभर पोचलं. बसल्याबसल्या नाचता येतं हा शोध माझ्यासारख्या अंगचुकार माणसाला फार मोठा वाटला. मी ती क्लिप सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून पाहिली आणि मग सीडीवर घालून घरी आणली.

घरी आजी होती.

गाणं सुरू होतं ते ‘मा-या-ही, मा-या-हू’ असं. आजी वाती वळता वळता थांबली. “बरोबर बोलतोय रे. माया ही. सगळी मायाच.” पुढचं ‘मा-या-हा-हा’ आल्यावर तर तिनं हातच जोडले. “बघ, हसतोय. उमगलंय त्याला.” त्या दिवसापासून दिवेलागणीला फर्माईश ठरलेली, “तुझा तो मायेचा अभंग लाव.” शुभंकरोतीनंतर लगेच मोल्दोव्हा. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाकडून आरतीत दुसरी काय अपेक्षा करणार?

अर्थ मी बऱ्याच वर्षांनी शोधला. आजीची लाज राखली जाईल, निदान थोडं वैराग्य तरी निघेल, अशी आशा होती. निघाला एक प्रेमवीर, फोनवर. तो आधी स्वतःला हायदुक म्हणजे बंडखोर दरोडेखोर म्हणवतो, मग पिकासो म्हणवतो, आणि सांगतो काय, तर ‘मी तुला बीप दिला.’ बीप म्हणजे मिस्ड कॉल हो! एक रिंग देऊन कापायचा तो. वर म्हणतो, मी शूर गडी आहे, तुझ्याकडे काही मागत नाही. मागणार कसा? बॅलन्स नको? आणि ‘नुमा नुमा येई’ म्हणजे, तू निघालीस पण मला काही नेत नाहीस. गाण्याच्या नावातलं ‘तेई’ म्हणजे लिंडनची झाडं. त्याला इंग्रजीत लाइमही म्हणतात, त्यामुळे काही दिवस मी हे प्रेम लिंबाच्या झाडाखालचं समजत होतो. काटे वगैरे टोचून.

हसायचा हक्क मात्र मला नव्हता. २००५ मध्ये एक रिंग म्हणजे ‘पोचलो’ आणि दोन म्हणजे ‘आठवण येते’, या हिशेबावरच माझं लग्न जमलंय.

डोक्यात अडकलेल्या गाण्याला जर्मन लोक ‘कानातला किडा’ म्हणतात. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रयोग करून सांगितलं, की च्युइंगगम चघळलं तर किडा जरा नरमतो. आरतीनंतर माझ्या हाताशी बडीशेप होती. चघळली. दात त्याच ठेक्यावर चालायला लागले.

तेवढ्यात प्रसादाचा द्रोण घेऊन तळमजल्यावरचे काका आले. मी मान खाली घातली.

“ते नुमा नुमा कुठल्या संतांचं हो?”

“मोल्दोव्हाकडचे आहेत,” मी पुटपुटलो.

“तरीच,” काका म्हणाले. “मला कानडी वाटलंच होतं.”