गरम केमो आणि गळणारा जोड: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: 'ऑपरेशन यशस्वी झालं म्हणता, मग रुग्ण महिनाभर का खितपत पडतो? हे सगळं गरम केमोचं विष. तुम्ही ते सौम्य करून सांगता.' विष आहेच, पण सगळं त्याच्या माथी मारता येत नाही.

हे ऑपरेशन स्यूडोमिक्झोमा या पोटाच्या आजारासाठीचं. त्यात बहुधा अपेंडिक्समधली गाठ फुटून चिकट द्रव पोटभर पसरतो. केमोचं औषध पेशींच्या थरात जेमतेम २-३ मिलिमीटर शिरतं, म्हणून २.५ मिलिमीटरपेक्षा मोठं काहीही मागे ठेवायचं नसतं. त्यासाठी पोटाचं अस्तर सोलतात, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) काढतात. गरजेनुसार प्लीहा, उजवं मोठं आतडं, अंडाशयही. त्यानंतर ४१-४३ अंश तापमानाचं औषध, बरेचदा मायटोमायसिन, तास-दीड तास पोटात फिरवतात; हीच गरम केमो.

महिना लांबतो तो मुख्यतः या कापाकापीमुळे. श्वासपटलावरचं अस्तर सोललं की फुप्फुसाभोवती पाणी साचतं. प्लीहा काढताना स्वादुपिंडाच्या शेपटीला इजा झाली तर स्राव गळतो. ड्रेनमधल्या (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतल्या) द्रवाचं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, तपासलं की ते कळतं. सगळ्यात घातक म्हणजे आतडं कापून पुन्हा शिवलेला जोड गळणं. जितके जोड जास्त, तितका धोका जास्त.

केमोचा स्वतःचा ठसा वेगळा असतो. मायटोमायसिननंतर, साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पांढऱ्या पेशी घसरू शकतात. सिस्प्लॅटिन हे दुसरं औषध मूत्रपिंडांवर येतं. तिसरं, ऑक्झालिप्लॅटिन, डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) दिलं तर साखर चढते, सोडियम उतरतं.

खरी पंचाईत दोन्ही एकत्र आले की होते. जोड गळतोय आणि पांढऱ्या पेशीच नाहीत, मग पेशींचा आकडा वाढून इशारा देणार कसा? पोटही फारसं कडक लागत नाही. अशा वेळी वाढती नाडी, ड्रेनचा बदललेला रंग किंवा वास, पुन्हा फुगलेलं पोट यांवर नजर ठेवून सीटी लवकर करावा लागतो. ताप येईपर्यंत थांबणं महागात पडतं.

तुमच्या संशयाला एका ठिकाणी मात्र भक्कम आधार आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पोटाच्या अस्तरावर पसरलेल्या २६५ रुग्णांवरच्या फ्रेंच 'प्रोडीज ७' चाचणीत (प्रसिद्धी २०२१) शस्त्रक्रियेला ऑक्झालिप्लॅटिनची गरम केमो जोडून आयुष्य वाढलं नाही. उशिरा होणारी गुंतागुंत वाढली. पण तो आजार वेगळा, औषध वेगळं. तो निकाल स्यूडोमिक्झोमाला जसाच्या तसा चिकटवणं मला पटत नाही.

'यशस्वी' या शब्दावर वाद घालण्यापेक्षा सर्जनला तीन गोष्टी विचारा: किती जोड घातले, किती मिलिमीटरचं काय मागे राहिलं आणि प्लीहा काढली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिब या जंतूंविरुद्धच्या लशी कधी द्यायच्या. तिसरा प्रश्न घरी जायच्या गडबडीत हमखास राहून जातो.